दादांच्या पखवाजाची कणीक

मंडळी, आज तेर गावाहून आले आणि कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना.

माझे सासरे, म्हणजे दादा, आणि तेरचे रंगनाथकाका, दोघं जुने भजनी पखवाजवाले. महाराष्ट्र झाला त्या वर्षी दोघांनी एकाच खोडातून पखवाज करून घेतले. तेव्हापासून कुणाचा जास्त घुमतो, यावरून भांडण. ऐंशी ओलांडली तरी मिटलं नव्हतं.

डाव्या पुडीला, म्हणजे त्या तोंडाच्या कातड्याला, ओली कणीक थापल्याशिवाय पखवाज घुमत नाही. म्हणून दादांसाठी मी रोज कणकेचा एक गोळा बाजूला काढते; आज ते पखवाज घेऊन काकांकडे निघाले, तेव्हा तो डब्यात नेला होता.

काकांना आता अजिबात ऐकू येत नाही, हे तिथं गेल्यावर कळलं. कणीक न लावताच ते वाजवायला बसले. आवाज कोरडा, रिकामा डबा बडवल्यासारखा. काका मात्र डोळे मिटून डोलत होते.

थांबून म्हणाले, "बोल की आता! कुणाचा लई घुमतोय?"

मी डबा उघडायला गेले, तर दादांनी माझा हात धरला. मग काकांसमोर हात जोडून म्हणाले, "तुझाच, गड्या."

काका लेकरासारखे हसले.

एसटीत दादा एवढंच बोलले, "साठ वर्षं हेच ऐकायचं हुतं त्याला. आज म्हणलो, तर ऐकूबी आलं न्हाय. पोरी, आता माझ्यासाठी गोळा काढू नगंस."

आत्ता कणीक मळली आणि सवयीनं गोळा बाजूला काढलाच. तुम्ही केली असती का हो त्याची पोळी? माझ्याच्यानं लाटवत नाही.