साडूंचा पुरावा

माझे थोरले साडू हे आजारी माणसाला औषध न देता घरी पाठवणारे जुन्नर तालुक्यातले बहुधा एकमेव डॉक्टर होते. पिंपळवंडीत त्यांचा दवाखाना. साध्या सर्दीला सुई नाही, अशक्तपणाला सलाईन नाही, कारण त्याचा उपयोग होतो असं कुठल्याही संशोधनात त्यांना सापडलेलं नव्हतं. टपालाने येणारी जाडजूड वैद्यकीय मासिकं ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाचत. पुढ्यातली आमटी गार होई आणि वाढपी कंटाळून पुढे जाई. वाचलेलं पटलं की दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात तसंच. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण आपण पूर्वी दिलेलं औषध निरुपयोगी ठरलं, तर तेही ते स्कूटर काढून रोग्याच्या घरी सांगायला जात. येडगावच्या एका म्हाताऱ्याला ते म्हणाले, "बाबा, ते खोकल्याचं औषध मी उगाच दिलं. तुम्ही आपोआप बरे झालात." म्हातारा भडकला. "आपोआप? डाक्टर, मी मराया टेकलो व्हतो! सगळ्या भावकीनं पायलंय!" त्यानंतर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ लागला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, ऐन थंडीत, आमची मुलगी त्यांच्याच दवाखान्यात दिवस भरण्याआधी जन्मली. एवढीशी, की सासूबाई हातात घ्यायला घाबरत. पुण्याला न्या, काचेच्या पेटीत ठेवा, असं सगळे म्हणू लागले. साडूंनी तिला पुन्हापुन्हा तपासलं. "श्वास चांगला आहे, दूध ओढतेय. हिला ऊब पाहिजे. उघड्या अंगाला अंग लावून ठेवलं की अशी मुलं वाढतात, हे पडताळून पाहिलेलं आहे." बायकोला ताप होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, सदरा काढा."

मी लोणीच्या शाळेतला शिक्षक. चारचौघांत कधी बाह्याही दुमडल्या नव्हत्या. साडूंनी पोर माझ्या छातीशी धुतलेल्या लुगड्याने बांधली. "बाप्याच्या उरावर पोर? आमी न्हाई असलं कुटं पायलं," सासूबाई पुटपुटल्या. शेजारचा दुकानदार येता-जाता खिडकीतून डोकावे. "काय मास्तर, पान्हा फुटला का न्हाई?" आतून साडू ओरडत, "फुटला की पहिला तुम्हालाच कळवतो, राव!"

बायकोने मात्र एकच विचारलं, "दाजी, जगंल ना?"

"वजन वाढलं तर," ते म्हणाले. धीराचा एक शब्द त्यांना खोटा बोलता आला नाही. बायको भिंतीकडे तोंड करून रडली. मला त्यांचा भयंकर राग आला.

संध्याकाळी हातपाय धुऊन, सदरा काढून ते माझ्यासमोर बसले. "द्या इकडे. जेवून घ्या."

"मावशीच्या नवऱ्यावर झालंय का संशोधन?" मी कुत्सितपणे विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पण मास्तर, मलाही झोप येत नाही हो."

पोर त्यांच्याकडे गेली आणि माझी छाती एकदम गार पडली. जेवून परतलो तर खोलीतून हलका आवाज येत होता. ते तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत होते, "वाढ गं बाई. थोडी तरी वाढ." मी दाराबाहेरच थांबलो.

ती वाढली, माझ्या खांद्याच्या वर गेली. साडू गेले तेव्हा पुण्याहून धावत येऊन ती त्यांच्या उशाशी मोठ्याने रडत बसली. तिला लोक समजावत होते. मला मात्र दाराबाहेरून ऐकलेली ती विनवणीच ऐकू येत होती, आणि तिला ती कशी सांगावी हे अजून कळलेलं नाही.