उन्हाळी लागली

मंडळी, भातकुलीत माझं मेडिकल आहे. गावात लोक मले डॉक्टरच म्हणतात.

सोमवारी भर दुपारी शेजारच्या वेणूकाकू आल्या. काउंटरवर चार माणसं उभी होती. काकू हळूच म्हणाल्या, "भाऊ, उनाळी लागली मले. काही गोळी देता काय?"

मी ऐकलं, ऊन लागलं. ओआरएसची दोन पाकिटं दिली अन् सावलीत राहा म्हटलं. काकूंनी त्या माणसांकडे पाह्यलं, पाकिटं घेतली अन् गेल्या.

आज सकाळी त्यांची सून आली. उनाळी म्हणजे लघवीची जळजळ, काकूंना तीच होती. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं, काल अमरावतीला भरती केलं. सून म्हणाली, "आई तर तुमाले सांगून आल्या होत्या."

लघवी तपासायची पट्टी माझ्याच दुकानात विकायला आहे. तपासून साध्या आजाराचं औषध द्यायचा अधिकार आम्हा फार्मासिस्टले नाही. तो मिळावा म्हणून मी या ग्रुपवर किती भांडलो, तुमाले माहीत आहे.

पण काकूंना बाजूला घेऊन "नेमकं काय होते?" एवढं विचारायले कोणता अधिकार लागत होता, सांगा बरं.