बठ्ठासले मोकळी

मास्तरांनी सगळ्यांच्या छातीवर नंबराचा कागद आपल्या हातानं टाचला. पाटलाच्या धाकट्याच्या, तेल्याच्या पोराच्या, तालमीतल्या दोघा पैलवानांच्या. माझी पाळी आली तेव्हा कागद जमिनीवर टाकला. त्याच्यावर टाचणी टाकली.

"घे. तुझं तू लाव."

टाचणी धुळीत गेली. मी उकिडवा बसून ती शोधतोय आणि बाकीचे नऊ जण वरून बघतायत. पन्नाशी उलटलेला माणूस मी, नातवंडं झालेला. कोंबडीसारखा माती उकरत होतो. कुणीतरी खिदळलं. टाचणी सापडली, पण बंडीला लावताना छातीत टोचली. कागदावर रक्ताचा ठिपका उमटला. दहा नंबर.

मास्तर वाईट माणूस नव्हता. तेच तर जास्त दुखतं. शर्यत सगळ्यांना मोकळी ठेवा, असं त्यानंच वर सांगितलं होतं म्हणे. पण टाचणी लावायची म्हणजे छातीला बोट लागणार. तिथं त्याचं 'सगळ्यांना' संपलं.

"दहा पावलं मागं उभा राहा," तो म्हणाला. "पोरांच्या अंगावर तुझी धूळ नको."

राहिलो उभा. दहा पावलं मागं.

तुम्ही विचाराल, एवढं होतं तर गेलास कशाला मरायला? सांगतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या शर्यतीची दवंडी मीच दिली होती. गावचा महार मी, दवंडी माझ्याकडं. डफ वाजवत गावभर ओरडलो, "ऐका हो! फाटापाईन सोनगीरना किल्लालगून शर्यत शे! बठ्ठासले मोकळी शे! पहिला येई त्याले मामलेदारसाहेब सोता फेटा बांधी!"

बठ्ठा म्हणजे सगळे. तीस वर्षं मी बठ्ठा बठ्ठा ओरडत आलो. बठ्ठासनी चावडीवर या, बठ्ठासनी पटकीची सुई टोचून घ्या. त्या बठ्ठ्यात मी कधी नव्हतो. माझा नुसता घसा होता. त्या दिवशी पाराजवळ ओरडता ओरडता जीभ अडखळली. म्हटलं, अरे, आपण हे काय बोलतोय? बठ्ठा. मग मी कोण?

आणि पळणं तर माझं वतनच. मामलेदार आला, फौजदार आला, सुई टोचणारा कारकून आला, की त्याच्या घोड्यापुढं महारानं पळायचं. खांद्यावर घुंगराची काठी. काटा असला तर आधी माझ्या पायात. साप असला तर आधी माझ्या पोटरीला. वैशाखात आग्रा रोडची खडी तापायची, तळपायाची कातडी सोलून निघायची. घोडा दमला की घोडा बदलायचे. मी तोच. या मामलेदाराच्या पुढं मी सहा वर्षं पळालो. त्याला माझी पाठ अगदी पाठ होती. तोंड त्यानं एकदाही बघितलं नव्हतं.

फेट्याचं मला काय कौतुक? पण फेटा बांधायचा म्हणजे समोर उभं राहावं लागतं. तोंड बघावं लागतं. डोक्याला हात लावावा लागतो. महारवाड्याबाहेरच्या माणसाचा हात माझ्या डोक्याला कधी लागला नव्हता. लागलं ते खेटर. मला तो हात पाहिजे होता. चारचौघांत, किल्ल्याच्या पायथ्याशी, साहेबाच्या हातानं. एवढंच. वेडेपणा म्हणा हवं तर.

बायकोनं आदल्या दिवशी भाकरी थापता थापता सांगितलं, "हारनात ते हसतीन. जिकनात ते मारतीन." खरं बोलली बिचारी. पण तिसरी गोष्ट तिलाही सुचली नाही.

आता पाटलाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा पाटील माझ्याशी बोलायचा नाही. काही सांगायचं असलं तर कुळकर्णी सांगायचा. पाटील नुसता खाकरायचा. वाटेनं येताना तो खाकरला की मी रस्ता सोडायचा, कडेच्या काट्यात उतरायचं, कमरेतून वाकायचं, हात जमिनीकडं न्यायचा आणि म्हणायचं, "जोहार मायबाप." तो निघून जाईपर्यंत मान वर करायची नाही. माझा बाप त्याच्या बापाच्या खाकरण्याला असाच वाकायचा. आम्हाला ते कुणी शिकवलं नाही. जेवायला जसं शिकवत नाहीत, तसंच.

तर शिट्टी वाजली आणि आम्ही सुटलो. पाच मैलांचा रस्ता. पैलवान पहिल्याच मैलात फुसफुसायला लागले, त्यांना मी नाल्याच्या चढावर मागं टाकलं. तेल्याचं पोर पोटात कळ आली म्हणून बसलं. कपाशीच्या गाड्या धुळ्याकडं चालल्या होत्या, गाडीवाले उठून उभं राहून बघत होते. "अरे, हाऊ ते म्हार शे!" एक ओरडला. असू दे की. उरला पाटलाचा धाकटा. धुळ्याच्या शाळेत शिकणारा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. पोरगा चांगला पळत होता, खोटं कशाला बोलू? पण त्याला पळायचं शिकवलेलं होतं. मला पळवलेलं होतं. तिसऱ्या मैलाच्या दगडापाशी मी त्याच्या बाजूनं पुढं गेलो.

आणि मग रस्ता रिकामा. किल्ला समोर दिसायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामागं घोडा नव्हता. मी पुढं होतो आणि मला कुणी पुढं घातलं नव्हतं. छाती फुटत होती, पण काय सांगू, रडू येत होतं आनंदानं. टाचणी विसरलो. दहा पावलं विसरलो.

दोनशे पावलं राहिली. मांडव दिसला. खुर्चीत मामलेदार दिसला, ताटातला लाल फेटा दिसला. आणि कडेला लिंबाखाली छत्री घेऊन पाटील उभा. त्यानं मला बघितलं. मग माझ्यामागं त्याच्या लेकाला बघितलं. जागचा हलला नाही. हात केला नाही.

नुसता खाकरला.

आणि मी थांबलो.

मी ठरवलं नाही हो. पायांनी रस्ता सोडला. पाय कडेच्या काट्यात उतरले. कंबर वाकली, हात खाली गेला, तोंड बोललं, "जोहार मायबाप." मान खाली होती. त्या खालच्या मानेला बाजूनं पांढरे बूट जाताना दिसले. फट फट फट. तेव्हा कळलं मी काय केलं ते.

पुन्हा पळालो. दुसरा आलो की तिसरा, बघितलं नाही. मांडवापाशी पोचलो तेव्हा साहेब धाकट्याच्या डोक्याला फेटा बांधत होते. एका हातानं कपाळ धरलं होतं. मी ते कपाळ धरलेलं बघत उभा राहिलो.

मागून पाटील आला. खूश. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दखा साहेब, आम्हना म्हार! शर्यत सोडी, पन रीत नही सोडी!"

लोक हसले. मग टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी! साहेबांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "शाबास. अशी माणसं राहिली नाहीत आता." मास्तरसुद्धा मान डोलवत होता.

ही ती तिसरी गोष्ट. हसले असते तर गिळलं असतं. मारलं असतं तर अंगावर घेतलं असतं, सवय होती. पण शाबासकी? माझ्या गुलामीला भर मांडवात शाबासकी? अंगाची लाही लाही झाली. पाटलानं मला अडवलं नव्हतं, बोटही लावलं नव्हतं. माझे पाय माझे नव्हतेच. पाय मी पोसत होतो आणि लगाम त्याच्या घशात होता.

पाटलानं खांद्यावरचं जुनं उपरणं काढलं, त्याचा गोळा केला आणि माझ्या पायाशी टाकला. बक्षीस. सकाळी टाचणी, आता उपरणं. दोन्ही जमिनीवर. दोन्ही वेळा वाकायचं मीच.

मी उभा राहिलो. टाळ्या थांबल्या. पाटील खाकरला. पोटऱ्या ओढल्या गेल्या. कंबर हलली. हो, हलली. दात दाबून धरले आणि ताठ उभा राहिलो. तो पुन्हा खाकरला, मोठ्यानं. मी तसाच.

"उचल रे," पाटील म्हणाला. तीस वर्षांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

"नही उचलस मी," मी म्हणालो. मायबाप लावलं नाही.

मी छातीवरचा कागद ओढून काढला, त्या उपरण्यावर टाकला आणि घरी निघालो. रस्त्याच्या मधून. पाच मैल.

दुसऱ्या दिवशी घुंगराची काठी चावडीच्या पायरीवर ठेवली. कुळकर्ण्याला सांगितलं, आता घोड्यापुढं घोडेवाल्यानंच पळावं. मग जे व्हायचं ते झालं. बलुतं बंद. बायकांना नदीवर आमच्या डोहात मेलेलं कुत्रं टाकलेलं सापडलं. सोनगीरच्या बाजारात चौघांनी मला धरून बडवलं, डावा खांदा अजून वर जात नाही. महारवाड्यातलेही बोलले, तुझ्या एका कंबरेपायी आमच्या पोरांचं पोट मारलं. त्यांचं खोटं नव्हतं. नातवंडं उपाशी झोपली तेव्हा मलाही वाटलं, काय जात होतं वाकायला? वाटलं, पण वाकलो नाही. मेव्हणा भुसावळला रेल्वेत आहे, तो म्हणतो, या इकडं, इथं कुणी जोहार मागत नाही. बायको बोचकं बांधून बसली होती. मी सोडायला लावलं. इथून गेलो तर रस्ता पाटलाचाच राहील.

पाटील अजून त्याच वाटेनं येतो, अजून खाकरतो. माझ्या पोटऱ्या अजून ओढतात. पिढ्यांची सवय आहे, ती चार वर्षांत काय जाणार? म्हणून मी रोज त्याच वेळेला त्याच वाटेनं निघतो, मुद्दाम, मधोमध. तो खाकरतो, मी पोटऱ्या आवळतो आणि चालत राहतो. त्याच्या गाडीला कडेच्या काट्यातून जावं लागतं. उद्या बैल माझ्या अंगावर घातले तरी चालेल, मधेच मरीन. दवंडी मी दिलेली आहे, ती आता परत घेणार नाही. रस्ता बठ्ठासले मोकळा शे. मी उतरणार नाही.