मेणावरचा अंगठा

डहाणूच्या दातांच्या दवाखान्यात माझं काम दोन प्रकारचं होतं. झाडू-पोछा करायचा, भांडी उकळायची, आणि शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला की स्टीलचा डबा घेऊन निघायचं. डब्यात ओलं फडकं, फडक्यात प्लॅस्टरचे जबडे आणि त्यांच्यामध्ये मेणाची जाड पट्टी. माणसाने तोंड मिटलं की वरचा जबडा खालच्यावर कुठे टेकतो, ते त्या मेणात धरलेलं असतं. त्यावरून कवळी बनते. कवळी बनवणारे शेठ सरहद्दीच्या पलीकडे, गुजरातेत. माझं घर तलासरीच्या पुढे, सरहद्दीच्या अलीकडे. म्हणूनच तर डॉक्टर मॅडमनी मला ठेवलं होतं. नाहीतर झाडू मारायला डहाणूत बाया कमी नव्हत्या.

ताडी काढताना नवरा ताडावरून पडला तेव्हापासून तो बसून होता. घरात येणारा पगार माझाच.

नवं सरकार येऊन तीन वर्षं झाली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी जीएसटी आला. मला वाटलं, तो दुकानदारांचा विषय. पण मॅडम रोज कुणाला तरी फोनवर सांगायच्या, "दात काढण्यावर टॅक्स नाही, म्हणून लोकांना वाटतं डॉक्टर सुटले. अहो, सुया, सिमेंट, हातमोजे, सगळं मी टॅक्स भरून घेते. तो मला परत मिळत नाही. पेशंटवर लावू? वरोरची बाई चार मासे विकून येते, तिच्यावर लावू?"

मग शेठचा फोन आला. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर जीएसटीचा नंबर लागतो, आणि नंबर अजून आला नव्हता. तोवर महाराष्ट्राचं काम बंद. मॅडम म्हणाल्या, पालघरच्या लॅबवाल्याला द्यावं लागेल, त्याचा माणूस येऊन घेऊन जातो.

त्याचा माणूस येऊन घेऊन जातो. म्हणजे डबा न्यायला मी लागणार नव्हते.

वरोरच्या एका म्हाताऱ्या कोळणीची कवळी तेवढी राहिली होती. नातीच्या लग्नात तिला दात हवे होते. शेठ जुन्या शब्दाखातर तेवढी एक घ्यायला तयार झाले. मॅडम म्हणाल्या, "ही शेवटची. या वेळी मधे दात लावून बघायची ट्रायल नको, एकाच खेपेत करून आण. आणि घाबरू नकोस गं, कुणी विचारलं तर दवाखान्याचं नाव सांग."

कुणी विचारलं तर. मला तर जीपवाल्याला थांब म्हणतानाही दोनदा तोंड उघडावं लागतं.

ऑक्टोबरचं ऊन होतं. सरहद्दीच्या नाक्याजवळ ट्रकांची रांग लागली होती, वर्दीतली माणसं कागद बघत होती. नंबर नसलेला माल माझ्या मांडीवर होता. मी नाक्याच्या आधीच उतरले. डबा चमकतो, कुणी उघडून बघेल म्हणून जबडे काढून टॉवेलच्या गाठोड्यात बांधले, वर थोडं वाळलेलं गवत घेतलं आणि गाठोडं डोक्यावर, डबा हातात असं शेतातून निघाले. घाईत ओलं फडकं डब्यातच राहिलं. जीपने दहा मिनिटांची वाट मी दीड तास चालले.

शेठच्या घराच्या मागे गाठोडं सोडलं तेव्हा मेण एका बाजूला ओघळलं होतं. वरचा जबडा खालच्यावर तिरका बसला होता. मॅडम मेण बोटाने दाबून नीट करतात ते मी शंभरदा पाहिलं होतं. मी अंगठ्याने दाबलं. डोळ्यांना सरळ दिसेपर्यंत दाबत राहिले. मग हँडपंपाच्या पाण्याखाली धरून कडक केलं आणि डब्यात ठेवलं.

शेठने उशिराचं विचारलं, "बेन, आज आटला मोडा? गाडी नव्हती?"

मी मान हलवली. कवळी तयार झाल्यावर ती घेऊन घरी परतताना जीपवाल्याला विचारलं, नाक्यावर काय तपासतात. तो हसला. "ट्रक तपासतात, ताई. तुम्हाला कोण बघतो?"

म्हातारी आली, खुर्चीत बसली. मॅडमनी कवळी बसवून तोंड मिटायला सांगितलं. एका बाजूचे दात टेकले, दुसऱ्या बाजूला फट राहिली. मॅडमनी कवळीचे दात मशीनवर घासून पाहिले, परत परत घासले. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय गो, ही कवळी माझीच का?" ती म्हणाली. "की सोरटीत लागली मला?"

मॅडमनी शेठला फोन लावला. नंबर मिळत नाही म्हणून कामात चालढकल करता का, वीस वर्षांच्या ओळखीचं हेच फळ का, असं बरंच बोलल्या. पलीकडून शेठ मुलांची शपथ घेत होते, ते मला दूरवरही ऐकू येत होतं. मी बेसिनपाशी उभी होते. बोलले नसते तर कदाचित काहीच झालं नसतं.

"मॅडम, मेण मी दाबलं."

त्यांनी फोन कानावरून काढला. मी उन्हाचं सांगितलं, गवताचं सांगितलं. एवढं सलग मी त्या दवाखान्यात कधी बोलले नव्हते. म्हातारी कवळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोरी, विचारायचं तरी होतंस कुणाला."

मॅडम ओरडल्या नाहीत. शेठची माफी मागितली. म्हातारीला म्हणाल्या, "माप परत घेते, आजी. पालघरहून करून देते, माझ्या खर्चाने." ती गेल्यावर मला समोर बसवलं.

"यामुळे काढत नाही तुला," त्या म्हणाल्या. "ते मी महिनाअखेरीला तसंही सांगणारच होते. आता दोन माणसांचं काम इथे उरलेलं नाही. झाडू मी मारीन."

मी म्हटलं, अर्ध्या पगारावर येते. त्यांनी टेबलावरची बिलं सरळ केली. मी म्हटलं, सकाळी दोन तास येते. मग म्हटलं, फक्त भांडी उकळायला येते. त्या रडायला लागल्या तेव्हा मी मागायचं थांबवलं.

घरी नवऱ्याला सांगितलं नाही. सोमवारी नेहमीच्या वेळेला आवरलं, जेवणाचा डबा घेतला, जीपच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. पहिली जीप गेली, दुसरी गेली. तिसरीवाल्याने ओळखून दार उघडलं, "बसा ना, ताई, जागा आहे."

मी नाही म्हटलं. त्याला ते नीट ऐकू गेलं नसावं, दार उघडं ठेवून तो माझ्याकडे बघत थांबला.