बापूंची गाडी आणि काकूंची कंबर

बोर्ली पंचतनला सलीमच्या गॅरेजात बाकडं एक आणि बसणारे आम्ही पाच. किस्से आम्ही काही ठरवून साठवत नाही हो! पण बापू रोज येतात आणि रोज एक नवीन ठेवून जातात. त्याला कोण काय करणार?

बापू म्हणजे गणिताचे रिटायर्ड मास्तर. घरची सुपारीची वाडी, सगळं झकास. दुःख एकच. जुन्या मोटरसायकलवर काकूंची कंबर धरली, तेव्हापासून काकू मागे बसत नाहीत. बारा वर्षं! श्रीवर्धनला जायचं तर काकू एसटीत आणि बापू एसटीच्या मागे गाडीवर. कंडक्टर एकदा म्हणाला, "काकू, एक म्हातारा बोर्लीपासून पाठलाग करतोय. पोलिसांना कळवू का?"

काकू म्हणाल्या, "नको. नवरा आहे."

*

नवी गाडी घ्यायला मी सोबत होतो. सेल्समन पॉवर, टॉप स्पीड सगळं घडाघडा म्हणून दाखवत होता. बापू म्हणाले, "याच्यापेक्षा कमी पॉवरची दाखवा ना!"

सेल्समनने मॅनेजरला बोलावून आणलं.

शेवटी घेतली ती जुन्या वळणाची, गोल हेडलाइटची, दोन सिलिंडरवाली. एक सिलिंडर धक्का देतो, दुसरा तो जिरवतो, असं बापूंचं गणित. चालते मात्र लोण्यासारखी, खोटं कशाला बोलू? माझी एक सिलिंडरवाली तिच्यापुढे भात कांडल्यासारखी वाजते.

*

बापू पंचविसाच्या वर जात नाहीत. परवा दिवेआगरच्या रस्त्याला पाववाला सायकलवरून बरोबरीने आला. बापूंनी चालत्या गाडीवर सहा पाव घेतले. ब्रेक दोघांनीही लावला नाही!

*

सलीमने एकदा चालू इंजिनावर रुपयाचं नाणं कडेवर उभं केलं. पडलं नाही! बापू धावत जाऊन काकूंना घेऊन आले.

काकूंनी वाकून बघितलं. "नाण्याला कंबर नसते," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

बापूंचं तोंड एवढंसं झालं. आम्हालाच कसंतरी वाटलं.

*

मग काकूंनीच अट घातली. विरजण लावलेलं दुधाचं पातेलं मागच्या सीटवर बांधायचं, माणगावला जाऊन यायचं. दही न मोडता लागलं, तर बसेन!

साक्षीदार म्हणून मी मागून. बापू प्रत्येक खड्ड्याआधी उतरायचे, खड्डा बघून यायचे, मग निघायचे! माणगावात तिघांनी ताकाचा भाव विचारला.

दुपारी काकूंनी झाकण काढून चमचा लावला. कवडी दही! पाण्याचा थेंब सुटलेला नाही. काकूंनी झाकण परत लावलं.

"उद्या सकाळी बसते," म्हणाल्या.

*

सकाळी अख्खं गॅरेज वाडीत हजर! बापूंनी गाडी सुरू केली. काकू देवाचं नाव घेऊन चढल्या, डोळे गच्च मिटले आणि बापूंच्या खांद्यावर हात ठेवला. बारा वर्षांनी! बापूंना गिअर काही टाकवेना. गाडी तिथेच सुपारीखाली घुमत उभी.

चांगली पाच मिनिटं गेली. काकू मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "अगं बाई, धक्का म्हणून नाही! वारापण किती छान लागतोय. अहो, एवढ्यात मागे फिरू नका हं. अजून जरा पुढे घ्या."

बापूंनी डोळे पुसले आणि पहिला गिअर टाकला.