छातीवरचा पट्टा

अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर वडील सायकलवेडे झाले. त्र्यंबक रस्त्याच्या चढावर छातीत दाटायचं, तरी म्हणायचे, "पित्त आहे." ठोके मोजणारा पट्टा मी आणून दिला, तोही काढून ठेवला. का? तर बरोबरचे म्हातारे चिडवतात, "आला बघा पेशंट!" मी गावभर हृदयतपासणीची पत्रकं वाटतो आणि घरात हा कारभार!

शेवटी ओरडलोच, "बाबा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला!"

"तो सायकल बंद करील."

म्हणजे भीती ही होती! मला आणखीच संताप आला.

"आधी तपासू तर द्या!"

"येतो. पण सायकलवर."

माणूस ऐकेल तर शपथ! सायकलला कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि रिक्षा थांबवली.