आमच्यात लक्ष्मीपूजन नसतं

मानकोलीच्या गोदामात पॅकिंगच्या टेबलावर संघरत्ना आणि मी समोरासमोर. ती शेलार गावची, हाताने चपळ, तोंडाने फटकळ. कामाला लागली त्या पहिल्याच दिवाळीत सुपरवायझरने विचारलं, "ताई, तुमच्याकडे पूजा असते का?" ही बौद्ध घरातली, ताठ मानेने म्हणाली, "आमच्यात लक्ष्मीपूजन नसतं." झालं! तेव्हापासून दिवाळीच्या चारही दिवसांची ड्युटी तिच्या नावावर, आणि आम्ही पूजावाल्या घरी. खोटं कशाला बोलू, चार वर्षं मी तिच्या जिवावर फराळ खाल्ला आणि मला लाजही वाटली नाही.

तिची मुलगी धम्मदिना जव्हारला वसतिगृहात राहून शिकते. सहामाही परीक्षा संपली की पोरगी घरी आणि आई गोदामात. मागच्या वर्षी ती म्हणाली, "आई, पुढच्या सुट्टीत मी हॉस्टेललाच राहते. तिथं बोलायला निदान स्वयंपाकाच्या मावशी असतात." हे सांगताना संघरत्ना रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

यंदा तिने पोरीला समजावून घरी आणलं आणि चार दिवसांच्या सुट्टीचा अर्ज लिहायला घेतला. मी शहाणपण शिकवलं, "पूजा आहे असं लिही ना. कोण बघायला येतंय?"

"का लिहू?" ती उसळली. "जे घरात न्हाय ते सांगून सुट्टी घ्यायची? पोर घरात हाय, तेवढं पुरं न्हाय का?"

कारण लिहिलं : मुलीची शाळा सुटली आहे.

सुपरवायझर हसला. "ताई, ये कोई त्योहार है क्या? तुमच्यात तर दिवाळीच नसते."

"लक्ष्मीपूजन नसतं म्हटलं होतं, सर. लेकरं असतात आमच्यात!"

त्याने अर्ज बाजूला सारला. ती चार दिवस आलीच नाही. तिच्या जागी एक दिवस माझी ड्युटी लागली. मी मुकाट्याने केली. मायलेकींनी चकल्या तळल्या, अंबाडी गावच्या बाजारात ड्रेस घेतला, आणि रोज दुपारी दार उघडं टाकून दोघी ताणून झोपल्या.

पाचव्या दिवशी तिला टेबलावरून काढून गाडीत माल चढवायला लावलं. ही शिक्षाच होती, सगळ्यांना कळत होतं. दिवसभर तिने खोकी उचलली. शिफ्ट सुटल्यावर ती कंबर धरून सरळ सुपरवायझरसमोर गेली आणि नवा अर्ज ठेवला.

"आता काय?"

"मे महिन्याची सुट्टी. आत्ताच देऊन ठेवते, मागनं म्हणाल कळवलं न्हाय."